गादीवरचं पाणी

आप्पांच्या दुकानात कापड नव्हतं, म्हणून तालमी तिथं होत. युद्ध संपलं होतं, कापडावरचा कंट्रोल संपला नव्हता. फळ्या रिकाम्या, गज भिंतीला टेकवलेला, आणि पांढऱ्या गादीवर आप्पा. गिऱ्हाईक आलंच तर ते म्हणत, "कापड नाही. नाटक आहे, बसता का?" बरीच माणसं बसत.

तेरच्या पेठेत हे दुकान. आप्पा घरात कानडी बोलत, दुकानात मराठी, अंमलदारापुढं मोडकी उर्दू, आणि नाटकं मराठीत लिहीत. आता ते नाहीत, निजामाचं राज्यही नाही, आणि सभांमधून त्यांचा उल्लेख 'क्रांतिकारक नाटककार' असा होतो. मी त्यांच्याजवळ बसलेला माणूस आहे. ते क्रांतिकारक नव्हते. त्यांना तसं करण्याचा प्रयत्न मी केला होता आणि त्यांनी तो हसत हाणून पाडला. माणूस गेल्यावर त्याच्या अंगात आपला सदरा घालू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. शाळेत उर्दू होती, घरात मराठी होती, आणि पत्रकांत एक तिसरी भाषा होती, जी कुणीच बोलत नसे पण वाचली की कान तापत. बार्शी इंग्रजी मुलखात. तिथून छोट्या गाडीनं गुळाच्या ढेपा येत आणि ढेपांभोवती पत्रकं गुंडाळलेली असत. गूळ मामाच्या दुकानात जाई, कागद माझ्याकडं. कागदांना मुंग्या लागलेल्या असत. मी मुंग्या झटकायचो, वाचायचो, पाठ करायचो. पुढं पुढं 'बंधूंनो' म्हटल्याशिवाय मला वाक्य सुरू करता येईना.

आप्पांकडं मी गेलो ते त्यांचं राजपुत्राचं नाटक मागायला. हद्दीपलीकडच्या सभांमध्ये सभेआधी करता येईल असा छोटा खेळ त्यातून काढायचा होता. नाटक साधं होतं. म्हातारा राजा, त्याचे दोन मुलगे, गादीवरून भांडण. दोन्हीकडं फौजा उभ्या राहतात. सकाळी थोरला राजपुत्र सगळ्यांसमोर येतो, हातात तांब्या घेतो, "या गादीवर मी पाणी सोडलं," म्हणतो आणि निघून जातो. एवढंच.

मी गेलो तेव्हा तेच नाटक मागायला आणखी दोघं आलेले होते. एक गोंधळी. लग्नाकार्यात तुळजापूरच्या आईचा गोंधळ घालणारा, संबळ आणि दिवटीवर जगणारा माणूस. त्याला हे नाटक आख्यानासारखं गायचं होतं. दुसरे उर्दूचे मास्तर, ज्यांच्या हातच्या छड्या मी खाल्ल्या होत्या. त्यांना ते दखनीत आणायचं होतं. "हमारे मोहल्ले की औरतां भी तो देखें," असं त्यांचं म्हणणं.

आप्पांनी तिघांनाही हो म्हटलं. अट एकच. "घरी नेऊन बदलायचं नाही. इथं बसून, मोठ्यानं वाचत बदलायचं. मी नको म्हणणार नाही. पण ऐकणार."

ते खरंच नको म्हणत नसत. माणसानं बदललेलं वाक्य ऐकून घेत, मग म्हणत, "आता हे करत करत म्हणा." राजा पान खात असेल तर पान खात म्हणायचं. राणी दळत असेल तर अव्वा, म्हणजे आप्पांच्या मंडळी, आतून जातं दाखवायच्या आणि गोंधळ्याला जात्याचा खुंटा धरून म्हणावं लागायचं. अर्धी वाक्यं तिथंच गळून पडत. आप्पांना ती खोडावी लागत नसत.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "आप्पा, या नाटकात प्रजा कुठं आहे? राजा आहे, राजपुत्र आहेत, फौजा आहेत. प्रजेला एक वाक्य नाही."

"प्रजा पुढं बसलेली असती की."

"ती काय करते?"

"बघती."

"नुसती बघते?"

"बघणं सोपं वाटतं व्हय तुला?"

मी माझं वाक्य आणलेलं होतं. राजपुत्र गादी सोडून जात नाही, तर लोकांकडं वळून म्हणतो: "बंधूंनो, ही गादी तुमच्या रक्तावर उभी आहे, तिच्यावर पाणी फिरवा!" आप्पांनी ते शांतपणे ऐकलं आणि गिऱ्हाइकांना पाणी द्यायचा पितळी तांब्या माझ्या हातात दिला. "आता पाणी सोडत सोडत म्हण."

दान देताना हातावरून पाणी सोडतात, तसं सोडायचं होतं. मी 'बंधूंनो' म्हणेपर्यंत ठीक चाललं. 'रक्तावर' म्हणताना हात उचलला गेला आणि निम्मा तांब्या दुकानाच्या गादीवर सांडला.

"अरं अरं, या गादीवर नको! हिच्यावर अजून मला बसायचंय."

"बंधूनं भिजवली गादी!" गोंधळी ओरडला. त्या दिवसापासून मी त्याचा बंधू झालो. रस्त्यात दिसला की, "काय बंधू, कुठवर आली क्रांती?"

"येडशीपर्यंत आलीय," मी म्हणायचो. "गाडी लेट आहे."

आप्पा म्हणाले, "तुझं वाक्य दुकानावरच्या पाटीसारखं आहे. लांबून वाचता येतं. माणूस जवळ आला, की मग काय?"

मी म्हणालो, "जवळ आला की आत येईल."

"आत आल्यावर कापड दाखवावं लागतं."

याला मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. उत्तर वाईट नसावं, कारण ते गप्प बसले. आठवत मात्र नाही.

गोंधळ्यावरही तीच वेळ आली. त्याला त्या ओळीखाली संबळ घुमवायचा होता. आप्पांनी संबळ थांबवायला सांगितला आणि स्वतः तांब्या घेतला. परातीत पाण्याची बारीक धार पडू लागली. "या धारेचा आवाज ऐकू येतो तेवढ्याच आवाजात बोला."

"आप्पा, मागल्या रांगंला काय ऐकू यायचं?"

"न्हाय आलं तर ती रांग गप्प बसंल. गप्प बसली की येईल."

गोंधळ्यानं तसं म्हणून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर दोन-तीन माणसं बोलत बसली होती. ती थांबली आणि आत बघू लागली. पुरावा म्हणून मला हे पुरेसं वाटलं नाही, पण जे झालं ते झालं.

आधी तेरमध्येच तिघांनी मिळून मराठीत खेळ करायचा ठरला आणि परवानगीचा प्रश्न आला. निजामाच्या मुलखात नाटकाला परवानगी लागे आणि त्यासाठी नाटकाची उर्दू प्रत धाराशिवच्या कचेरीत द्यावी लागे. ते काम मास्तरांनी अंगावर घेतलं. अर्जावरही नाव त्यांचंच घातलं, कारण कचेरीला सरकारी मास्तराचं नाव बरं वाटतं. सगळं नाटक त्यांनी झोकात उतरवलं. अडकले त्या एका ओळीशी. 'पाणी सोडलं' याला उर्दूत काय म्हणायचं? 'पानी छोड़ा' लिहिलं तर अर्थ होत नव्हता. म्हणून त्यांनी भाषेतला चालता वाक्प्रचार घातला: 'मैंने इस गद्दी पर पानी फेर दिया.'

धाराशिवहून मास्तर परत आले तेव्हा आम्ही दुकानातच होतो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवत ते बसले.

"साहब पूछे, मास्टर, ये कौन-सी गद्दी है? मैं बोल्या, नाटक की है, हुजूर. उनो बोले, पानी फेरने को तुमको गद्दीच मिली?"

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मास्तर, मी पाणी सोडलं आणि तुम्ही पाणी फिरवलं! अहो, राजपुत्रानं गादी दिली, तुम्ही ती बुडवली."

"तो तुमे बताओ ना आप्पा, क्या लिखूँ? पानी छोड़ा लिखूँ तो उनो समझते, तालाब फोड़ डाल्या!"

मला आनंद झाला होता. मी म्हणालो, "मास्तरांची चूक हीच बरोबर ओळ आहे. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय. मराठीतही हीच ठेवा. साहेबाला कळलं, म्हणजे वाक्यात दम आहे."

"साहेबाला भलतंच कळलं," आप्पा म्हणाले. "तुला ते आवडलं, म्हणून ते बरोबर होत नाही."

मास्तरांनी मग 'दस्तबरदार', म्हणजे हक्क सोडणारा, हा शब्द सुचवला. मी या गादीपासून दस्तबरदार होतो. अर्थ चोख होता. त्या एका शब्दावर परवानगी हातोहात मिळाली असती. आप्पांनी नकाराची मान हलवली. "हे कचेरीतलं झालं. राजपुत्र काय अर्ज करतोय? मास्तर, तुमच्या मोहल्ल्यातली बाई भांडणात हरली, लेकीला घर देऊन टाकलं, तर काय म्हणती? ते आणा."

"सोचना पड़ेगा."

"सोचा. तोवर ती ओळ कोरी ठेवा. शब्द सापडला की भरू."

अशी कोऱ्या जागेसकट दुसरी प्रत कचेरीत गेली. त्यानंतर दुकानावरून मास्तर शाळेला जाताना दिसले की आप्पा गादीवरून हाक मारत, "सापडलं का?" मास्तर चालता चालता हात हलवत, "नक्को पूछो आप्पा." परत येताना तेच. पेठेतल्या लोकांना वाटे, मास्तरांचं काहीतरी हरवलंय. एका वाण्यानं तर त्यांना विचारलं, "बकरी होती का?"

या काळात आम्ही उजेडाची तालीम करत होतो. परवानगी मिळालीच तर सूर्य मावळायच्या आतली मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नाटकात एक प्रवेश रात्रीचा होता. भर उन्हात रात्र कशी दाखवायची? गोंधळी म्हणाला, दिवटी पेटवतो. पेटवली, तर उन्हात ज्योत दिसेना. आप्पा उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याचा डावा हात धरून ज्योतीआड आडवा केला. "ज्योत दाखवू नका, झाका. हात आडवा दिसला की बघणाऱ्याला वारा दिसतो. वारा दिसला की रात्र दिसती." गोंधळ्यानं जन्मभर दिवटी धरली होती. तो म्हणाला, "म्या आजवर उजेड दावत आलो. झाकायचा असतो, हे ठावं नव्हतं."

दसऱ्यानंतर आप्पांना ताप आला. दुकानामागच्या खोलीत ते झोपून राहिले. आम्ही तिघं पाळीपाळीनं जाऊन बसायचो. मास्तर खिडकीशी उभे राहिले की खाटेवरून आवाज यायचा, "सापडलं का?"

"ढूँड रहा हूँ, आप्पा."

परवानगीचा कागद त्याच दिवसांत आला. दिवाळीनंतरचा बाजारचा दिवस, बाजारतळ, सूर्य मावळायच्या आत. एक पोलीस जवान उर्दू प्रत घेऊन हजर राहील आणि खेळ प्रतीप्रमाणे चालतो का ते बघेल. खाली साहेबाच्या हातचा एक शेरा होता. मास्तरांनी तो वाचून दाखवला: 'ख़ाली जगह ख़ाली ही रहे.'

आप्पा हसले. ताप होता तरी हसले. "वाचणारा चांगला भेटला. नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कळलं त्याला."

मी हसलो नाही. मी म्हणालो की ही अट मान्य करणं म्हणजे साहेबाला नाटकाचा लेखक करणं. खेळ करूच नये, किंवा ती ओळ म्हणून तुरुंगात जावं. तिसरा रस्ता भेकडाचा आहे. आजारी माणसापुढं मी हे बसून नाही, उभं राहून बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुझं तू लिही की," ते म्हणाले. "माझ्या नाटकावर मी पाणी सोडलंय. आता तुमी तिघं बघा."

"मग मी ती ओळ बदलणार."

"बदल. पण इथं बसून."

दोन दिवसांनी, दुपारी, ते गेले.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं. अंगाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, मांडी घातलेली. गादीवर बसत तसेच दिसत होते. नदीच्या अंगाला, जुन्या गावाच्या पांढरीच्या टेकाडाजवळ खड्डा खणलेला होता. खणताना एक जुनी वीट निघाली होती, आताच्या विटेच्या दुप्पट. तिथं अशा विटा निघतातच. खणणाऱ्यानं ती बाजूला ठेवली आणि नंतर तिच्यावर बसून तंबाखू मळली. जंगम स्वामींनी मंत्र म्हटले, बेलाची पानं पडली, मग लोक माती देऊ लागले. मास्तर पुढं झाले आणि त्यांनी आपल्या रीतीनं तीन मुठी माती दिली. कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मुठीनं माती देणं दोन्हीकडं असतं.

गोंधळी ओंजळीत नदीचं पाणी घेऊन उभा होता. त्यानं आप्पांच्या थोरल्या मुलाला विचारलं, "मालक, पाणी कोन सोडनार?"

"आमच्यात नसतं ते."

"मंग?"

"मग काही नाही. माती द्यायची, झालं."

गोंधळ्याच्या बोटांमधून पाणी गळून गेलं. हात धोतराला पुसून त्यानं माती दिली.

खेळ चार दिवसांवर आला होता आणि दुसऱ्या दिवशी गोंधळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. आत यायला तयार नव्हता. "म्या गुरूचं सुतक धरलंय. संबळाला हात लावनार न्हाय, दिवटी पेटवनार न्हाय."

मी म्हणालो, "परवानगी एका दिवसाची आहे. तो दिवस गेला की नाटकही गेलं."

"जाऊ द्या. बंधू, तुमास्नी बाप मेला तरी पत्रक वाटता येतं. आमास्नी न्हाय येत."

बोलल्या अव्वा. त्या आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची मराठी तुटक होती. "सुतक कुणाचं धरला?"

"आप्पाचं, अव्वा."

"आमच्यात सुतक नाही. माणूस शिवाकडं गेला, तर बाट कसला? मी चूल पेटवली सकाळी. पोरगा दुकान उघडला. घरचं माणूस धरत नाही आणि तुम्ही बाहेरचं धरता?" मग जरा थांबून, "सुपारी घेतला ना नाटकाची? मग?"

गोंधळी सुपारी मोडत नाही. तो उठला आणि आत आला.

राहिलो मी. माझं ठरलेलं होतं. खेळात मी पडद्याआडून ओळी सांगणार होतो. कोरी जागा आली की माझं वाक्य मोठ्यानं म्हणायचं, 'बंधूंनो'सकट, आणि मग जे होईल ते होऊ द्यायचं. मी ते लपवलं नाही. लपवून करायची ती गोष्ट नव्हती. मास्तरांना सांगितलं.

मास्तर शांतपणे म्हणाले, "बेटा, अर्जी पर नाम किसका है?"

"तुमचं."

"तुमे चिल्लाओगे. तुमको ले जाएँगे, तुमे तो खुश. तुमको हार डालेंगे. मेरे को ले जाएँगे तो मेरे को कौन हार डालेगा? तुमारे लोगां बोलेंगे, निजाम का आदमी था. उनके लोगां बोलेंगे, गद्दार था."

स्वतःची कातडी देण्याची तयारी हे तत्त्व आहे. दुसऱ्याची देणं हे तत्त्व नाही. मी शब्द दिला की ओरडणार नाही. तो मला आवडलेला नव्हता, पण पाळायचा होता.

बाजारच्या दिवशी दोन गाड्यांची जुळणी करून वर फळ्या टाकल्या. पडद्याला कापड नव्हतं. अव्वांनी दुकानाच्या गादीवरची पांढरी चादर काढून दिली आणि तो पितळी तांब्याही दिला. बाजार उठला नव्हता. माणसं पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली, बायका खाली बसल्या, एक वांगी विकणारी म्हातारी वांग्यांसकट पुढच्या रांगेत आली. जवान बिदरकडचा होता. मराठी त्याला येत नव्हती. त्याला खुर्ची दिली. मास्तर त्याच्या शेजारी मांडीवर प्रत घेऊन बसले आणि खेळ जसजसा पुढं जाईल तसतसं ओळींवर बोट फिरवू लागले. जवानानं शेंगांचा पुडा उघडला, एक मूठ मास्तरांना दिली. माणूस वाईट नव्हता.

खेळ बरा चालला. रात्रीच्या प्रवेशात गोंधळ्यानं दिवटीवर आडवा हात धरला तेव्हा एका बाईनं खरोखरच पदर अंगाभोवती ओढून घेतला. संबळ वाजवणारा त्याचा साथीदार दोन ठिकाणी चुकला. म्हाताऱ्या राजाची दाढी एका बाजूनं सुटली आणि त्यानं ती उरलेला वेळ हातानं धरून ठेवली. लोकांना वाटलं, राजा काळजीत आहे.

मग शेवट आला. फौजा दोन्हीकडं उभ्या राहिल्या, म्हणजे चार चार माणसं. थोरला राजपुत्र झालेला गोंधळी मध्ये आला. संबळ थांबला. चादरीच्या आड माझ्या हातात मराठी प्रत होती आणि तिच्यात ती ओळ स्पष्ट लिहिलेली होती. मी ती सांगितली नाही. गोंधळ्यानं तांब्या उचलला, उजवा तळवा उताणा केला आणि त्याच्यावरून पाणी सोडलं. काही बोलला नाही. धार फळ्यांवर पडत होती, फटींतून खाली मातीत जात होती आणि तिचा आवाज येत होता. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मागची. त्यानं तांब्या रिकामा होईपर्यंत धार तोडली नाही. तालमीत एवढं पाणी कधीच सोडलेलं नव्हतं.

पुढच्या रांगेतली वांगीवाली म्हातारी गालाला हात लावून मोठ्यानं म्हणाली, "सोडलं गं बाई! पोरानं गादीवर पाणी सोडलं!"

तिच्यामागं आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, "सोडलं गं."

जवानानं शेंग फोडता फोडता मान वर केली. "क्या बोली वो?"

मास्तरांचं बोट कोऱ्या जागेवर होतं. ते चटकन म्हणाले, "कुछ नहीं जी. हात धो लिया बोली. छोकरे ने गद्दी से हात धो लिया."

"हौ. वो तो दिख रहा है," जवान म्हणाला आणि त्यानं शेंग तोंडात टाकली.

मी चादरीच्या फटीतून मास्तरांकडं बघत होतो. बोलून झाल्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा, अगदी हळू, स्वतःशी म्हटलं. गद्दी से हात धो लिया. त्यात देणंही होतं, गमावणंही होतं, पाणीही होतं. मोहल्ल्यातली कुठलीही बाई ते म्हणते. त्यांनी मागं वळून पाहिलं. बाजारतळावरून पेठेतलं दुकान दिसतं.

प्रत जवानानं परत नेली. कोरी जागा कोरीच होती. अटीचा भंग झाला नव्हता.

पुढं राज्य गेलं. ते जाताना आणि गेल्यावर आमच्या जिल्ह्यात जे झालं, त्यात मास्तरांसारख्या माणसांनी आपला काही गुन्हा नसताना सोसलं, आणि ते करणाऱ्यांपैकी काहींनी मी वाटलेलीच पत्रकं वाचलेली होती. त्यावर मी वेगळं लिहिणार आहे आणि ते कुणाला आवडणार नाही. मास्तर हैदराबादला गेले. दखनी नाटक बरोबर नेलं. इथं आता परवानगी लागत नाही. गोंधळी अजून खेळ करतो आणि अजूनही ती ओळ म्हणत नाही. मी त्याला दर वेळी सांगतो की राजपुत्रानं ती म्हटली पाहिजे, आता भीती कसली. तो म्हणतो, "बंधू, बाया म्हनत्यात की." माझं मत बदललेलं नाही.

त्या दिवशी खेळ संपल्यावर चादर आणि तांब्या परत द्यायला आम्ही तिघं दुकानात गेलो. सूर्य अजून मावळला नव्हता. मुलगा बाजारात होता. गादी चादरीवाचून उघडी पडली होती, तिचा कापूस एका कोपऱ्यातून डोकावत होता. अव्वा आतून आल्या. त्यांनी चादर घडी करून ठेवली, तांब्या उलटा करून पाहिला. मास्तर दारातच उभे होते. टोपी हातात होती.

अव्वांनी त्यांच्याकडं पाहिलं. मास्तर जाता-येता आप्पा विचारत तो प्रश्न त्यांनी रोज आतून ऐकलेला होता.

"सापडला का, मास्तर?"

"सापडलं, अव्वा," मास्तर मराठीत म्हणाले.

"काय?"

त्यांनी सांगितलं. अव्वांनी ते एकदा तोंडात घोळवून पाहिलं, उर्दू त्यांना धड येत नव्हती. मग "बरं आहे," म्हणून त्या तांब्या भरून आणायला आत गेल्या.